म्हैसूरला चार दिवस: यादीतलं सगळं बघायचं की शहरातच हिंडायचं?

तिसरं_गेट, टिळकवाडी

नमस्कार मंडळी. आमच्या घरात आठवडाभर एकाच गोष्टीवरून धुसफूस चाललीय, म्हणून इथं विचारते.

एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागली की आम्ही पाच जण म्हैसूरला जाणार. मी, आमचे हे, मुलगी तेरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा आणि सासूबाई. सासूबाईंना एकाहत्तरावं चाललंय, डावा गुडघा धरतो, पण कुठं जायचं म्हटलं की त्या आधी तयार. हातात चार दिवस. ह्यांनी यादी करून फ्रिजला चिकटवलीय: राजवाडा, चामुंडी टेकडी, प्राणिसंग्रहालय, रेल्वे म्युझियम, सेंट फिलोमिना चर्च, वृंदावन गार्डन, श्रीरंगपट्टण, एक दिवस उटी आणि एक दिवस कूर्ग. गाडी सांगितली की सगळं बसतं, असं ह्यांचं म्हणणं.

मला धास्ती आहे ती गेल्या वर्षीच्या जयपूरमुळं. तीन दिवसांत आम्ही अकरा ठिकाणं केली. आमेरच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा मुलगा गाडीत गाढ झोपलेला. त्याला खांद्यावर टाकून किल्ला चढले, वर गेल्यावर तो जागा झाला आणि भुकेनं रडायला लागला. हवामहलाला ९५३ खिडक्या आहेत असं गाईडनं सांगितलं. त्या आम्ही रस्त्याच्या पलीकडून, फोटो निघेपर्यंत पाहिल्या. जंतरमंतरला सावलीवरून वेळ कशी काढतात ते मुलीला नीट समजून घ्यायचं होतं, तिनं वहीसुद्धा काढली होती. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला, पुढच्या ठिकाणाला उशीर होतोय म्हणून. वही परत पिशवीत गेली.

शेवटच्या दिवशी गाडी पंक्चर झाली आणि आम्हाला दोन तास मिळाले. चालत चालत आम्ही ‘मनिहारों का रास्ता’ नावाच्या गल्लीत शिरलो. तिथं लाखेच्या बांगड्या करतात. एक बाई कोळशाच्या शेगडीवर लाख मऊ करत होती, लाकडी ठोकळ्यानं तिची लांब वळी करत होती आणि बघता बघता ती गोल जोडत होती. मुलीला तिनं शेजारी बसवून घेतलं, मनगटाचं माप पाहिलं आणि तिच्या डोळ्यांदेखत बांगडी केली. गरम आहे तोवर खडे बसवले. ती बांगडी मुलगी अजून घालते. आमेर कसं होतं विचारलं तर ‘मोठं होतं’ एवढंच म्हणते. बांगडीचं विचारा, ती शेगडीपासून सुरू करते.

दुसरं एक मनात आहे. पुण्याचे पाहुणे आले की विचारतात, बेळगावात बघायला काय आहे? मग आम्ही त्यांना किल्ल्यात नेतो, कमल बस्ती हे जुनं जैन मंदिर दाखवतो, पावसाळा असेल तर गोकाकचा धबधबा. ते खूश होऊन जातात. पण मला वाटत राहतं की त्यांनी माझं बेळगाव पाहिलंच नाही. संध्याकाळची गणपत गल्ली, कागदावर चव बघायला कुंदा देणारा दुकानदार, कॅम्पातली जुनी झाडं, पावसात रेल्वे गेट पडल्यावर रेनकोटातून टपटपत उभी असलेली सगळी मंडळी. हे कुठल्या यादीत बसवायचं?

तर विचारायचं ते असं. यादी बाजूला ठेवून चारही दिवस म्हैसुरातच राहिलो आणि सकाळ-संध्याकाळ पायी हिंडलो, तर मुलं कंटाळतील का? कुणी असं केलंय का? हे म्हणतात, इतका खर्च करून जायचं आणि बाजारच बघायचा तर आपला खडेबाजार काय वाईट आहे?

निपाणीचा_धाकटा

वहिनी, राग मानू नका, खरं मी तुमच्या यजमानांच्या बाजूनं बोलणार.

माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. बत्तीस वर्षं गेली. धुतलेल्या लुगड्यालाही तंबाखूचा वास राहायचा. तिचा प्रवास म्हणजे सौंदत्तीची यल्लम्मा, आदमापूर आणि दोनदा पंढरपूर. सगळं देवाचं, सगळं गर्दीतलं. नुसतं काहीतरी बघायला म्हणून ती कधी घराबाहेर पडली नव्हती. मी नोकरीला लागलो त्या वर्षीच्या दिवाळीत तिला आणि बहिणीला विजापूरला नेलं. आमच्या घरी किराणा दुकानाच्या कॅलेंडरावर गोलघुमटाचं चित्र होतं. वर्ष संपलं तरी आईनं ते भिंतीवरनं काढलं नव्हतं.

आम्ही सकाळी दार उघडताच आत गेलो. मुहम्मद आदिलशहाची कबर ती, १६५६ सालची. बाहेरून ४४ मीटर रुंदीचा घुमट आणि आत त्याला एक खांब नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातनं वर जायचा जिना अरुंद आहे, पायऱ्या उंच. सात मजले. आई प्रत्येक मजल्यावर खिडकीत बसली, पाणी प्याली, परत उठली. वर सज्जात गेल्यावर मी तिला एका बाजूला बसवलं आणि बहीण वळसा घालून बरोबर समोर गेली. तिकडनं बहीण भिंतीला तोंड लावून हळूच काहीतरी बोलली, ते इकडं आईच्या कानाशी आलं. आईनं मागं वळून बघितलं, बहीण आपल्यामागंच लपलीय असं वाटून. मग आईनं भिंतीला तोंड लावलं आणि विचारलं, ‘बाळे, जेवलीस काय गं?’

वखारीतनं परत आल्यावर दारातनंच ती हे विचारायची. रोज. आम्ही दोघं भावंडं गप्प झालो.

तासभर ती तिथनं हलली नाही. नंतर शाळांच्या सहली आल्या, पोरं आरडाओरडा करायला लागली, एकेक आवाज सात-सात वेळा फिरून यायला लागला, तरी बसून होती. दुपारी मी म्हणालो, चल बाजारात फिरून येऊ. म्हणाली, ‘बाजार काय, रोजचाच आहे. मी गोलघुमट बघितला.’ पुढं वर्षभर वखारीतल्या बायकांना तिनं तो घुमट सांगितला.

ज्याला दरवर्षी सुट्टीत बाहेर पडता येतं त्याला हिंडण्यात गोडी वाटते, वाटावीच. जो आयुष्यात एकदाच बाहेर पडतो त्याला नाव असलेली जागाच बघायची असते, आणि त्याचं काही चुकत नाही. म्हणून एक विचारतो. तुमची यादी दादांनी केली, हिंडायचं तुम्ही ठरवलं. सासूबाईंना कुणी विचारलंय काय, त्यांना काय बघायचंय?

गाडीवाला_खानापूर

ताई, मी अकरा वर्षं बेळगावहून टूरच्या गाड्या चालवतोय. बाकीचं तुम्ही ठरवा, खरं उटी आणि कूर्ग काढा. म्हैसूरहून उटी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. नकाशावर जवळ दिसतं. बंदीपूरच्या जंगलात गाडी हळू चालवावी लागते, पुढं मसिनगुडीकडनं चढलात तर ३६ हेअरपिन वळणं. लहान पोरांना उलट्या होतात. परत येताना बंदीपूरचा रस्ता रात्री नऊला बंद होतो, सकाळी सहाला उघडतो, त्यामुळं चारनंतर ड्रायव्हरचं सगळं लक्ष घड्याळावर. वर पोचून तुम्हाला मिळणार तीन-चार तास, त्यातले दोन गर्दीत. कूर्ग तेवढंच लांब आणि दुसऱ्याच दिशेला.

आणि आजींना सहा-सात तास एका जागी बसवू नका. गुडघा आखडला की दुसरा दिवस जातो. माझ्या गाडीत हे कितीदा बघितलंय.

वडगावची_माहेरवाशीण

मी विणकराच्या घरची. वडगावात आमच्या गल्लीत सकाळी उठल्यापासून मागाचा आवाज. मुलं त्या आवाजात झोपतात आणि लाईट गेल्यावर शांततेनं जागी होतात.

चार वर्षांपूर्वी बाबांना आणि आईला घेऊन काशीला गेलो. विश्वनाथाचं दर्शन झालं, दशाश्वमेध घाटावरची आरती झाली, सारनाथ झालं. आई तृप्त होती. बाबा सगळीकडं आले, हात जोडले, पण बोलले काही नाहीत. तिसऱ्या दिवशी ठरवलेली नाव काही कारणानं आली नाही. आम्ही मदनपुऱ्याच्या बाजूनं चालत निघालो. एका बोळात बाबा थबकले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. म्हणाले, ‘माग आहे.’ आणि त्या आवाजाच्या मागं चालायला लागले. आम्ही त्यांच्या मागं.

एका घराच्या तळमजल्यावर अंधाऱ्या खोलीत हातमाग होता. पाय खड्ड्यात सोडून एक म्हातारे गृहस्थ विणत बसले होते, वर जॅकार्डचे, म्हणजे नक्षी ठरवणारे भोकांचे पत्ते लोंबत होते. बाबांना हिंदी चार वाक्यांपलीकडं येत नाही. ते दारात उभे राहिले, त्या माणसानं मान वर केली, बाबांच्या हाताकडं पाहिलं आणि बाजूला सरकून जागा दिली. मग दोघांचं सुरू झालं. ताणा, बाणा, फणी, रेशीम. शब्द इतके जवळचे की मध्ये दुसऱ्या कुणाची गरजच पडली नाही. बाबांनी काठाजवळचे धागे बोटानं मोजले. त्यांनी धोटा बाबांच्या हातात दिला. यंत्रमाग आल्यापासून बाबांनी हातानं धोटा फेकला नव्हता, वीस वर्षं तरी झाली असतील. चार बोटं विणलं असेल. उठताना त्या गृहस्थांनी विचारलं, मुलगा हे काम करतो का? बाबांनी मान हलवली. त्यांनीही हलवली.

परतीच्या गाडीत बाबा मिरजेपर्यंत त्या मागाबद्दल बोलत होते.

तर ताई, हिंडण्याचा माझा अनुभव असा की प्रत्येकाचा कान वेगळ्या आवाजाला लागलेला असतो. तुमच्या मुलीला करणारे हात बघायला आवडतात असं दिसतंय. म्हैसूरला सरकारी रेशीम कारखाना आहे, १९१२ साली नाल्वडी कृष्णराज वडियारांनी सुरू केलेला. आत कधी सोडतात ते आधी विचारून जा. सोडलं तर तिला सूत पिळण्यापासून साडीपर्यंत सगळं बघायला मिळेल.

तिसरं_गेट, टिळकवाडी

दादा, तुमच्या आईंचं वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला आणि सासूबाईंच्या खोलीत गेले. खरंच कुणी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘मला अंबारी बघायची. सोन्याची.’ दर दसऱ्याला त्या टीव्हीपुढं बसून म्हैसूरची मिरवणूक पाहतात, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. चामुंडेश्वरीला घेऊन हत्ती दिसला की हात जोडतात. त्यांना ती जवळून पाहायची असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. याचं फार वाईट वाटलं.

उटी-कूर्ग ह्यांनी स्वतःच यादीतून खोडलं. गाडीवाल्या दादांचं त्यांना वाचून दाखवलं होतं. वडगावच्या ताई, तुमच्या बाबांचं मुलीनं स्वतः वाचलं, दोनदा.

आता म्हैसूर माहीत असलेल्या कुणीतरी सांगा. अंबारी एप्रिलमध्ये बघायला मिळते का?

गुरुजी_खानापूर

मिळते. दसऱ्याखेरीज ती राजवाड्यातच ठेवलेली असते, आत शिरल्यावर लवकरच दिसते. साडेसातशे किलो वजनाची आहे. आजींना तिथं घाई करू देऊ नका.

माझी थोरली मुलगी म्हैसूरला नोकरीला आहे, उन्हाळ्यात महिनाभर आम्ही उभयता तिच्याकडं असतो. सहा वर्षं ते शहर पायी पाहतोय. आधी मीही राजवाडा वेगळा आणि बाजार वेगळा असंच समजत होतो. तिथं राहिल्यावर लक्षात आलं की राजवाड्यातून चालत बाजारात गेलं तरच दोन्ही कळतात. कसं ते सांगतो.

राजवाडा सकाळी दहाला उघडतो, दहालाच जा. चपला बाहेर काढाव्या लागतात, आजींना मोजे घाला, फरशी गार असते. आधीचा लाकडी राजवाडा १८९७ साली घरातलं लग्न चालू असताना जळाला, मग हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाकडून हा बांधून घेतला, तो १९१२ साली पुरा झाला. कल्याण मंडपात सगळे मान वर करून काचेचे मोर बघतात. बघा, सुंदरच आहेत. पण त्यानंतर भिंतींकडं वळा. चारी बाजूंनी दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रं आहेत: हत्ती, घोडे, पलटणी, बँडवाले, कडेला उभी असलेली माणसं. चेहरे एकासारखा एक नाही. मुलाला सांगा, या चित्रांतला एक माणूस निवड आणि नीट लक्षात ठेव. माझ्या नातवानं छत्री धरलेला एक निवडला होता.

मग बाहेर पडून सयाजीराव रोडनं चाला. खरी मिरवणूक आजही याच रस्त्यानं बन्नीमंटपाला जाते. मुलांना एवढंच सांगायचं की तू निवडलेला माणूस इथं उभा होता. रस्त्याला नाव बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या मुलाचं. या रस्त्यावरच देवराज मार्केट आहे, त्याच्या तोंडाशी चिक्क गडियार, म्हणजे लहान घड्याळाचा मनोरा. मार्केट शंभर वर्षांहून जुनं आहे.

त्या दिवशी मार्केट वरवर बघा, उन्हाचं खोलीवर जा, दुपारी सगळ्यांनी झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत या. तेव्हा फुलवाले बसतात. म्हैसूर मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्यासारख्या सुगंधी फुलांच्या माळा तिथं मोळावर विकतात. मोळ म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, आणि विकणारी बाई ते स्वतःच्या हातानं मोजते. तुमच्या मुलाला त्याच्या हाताचा मोळ आणि तिच्या हाताचा मोळ लावून बघू दे. त्या बाया हसून करू देतात. कुंकवाचे आणि रंगांचे निमुळते ढीग, विड्याच्या पानांची गल्ली, केळ्यांचे घड टांगलेली दुकानं. नंजनगूड रसबाळे ही केळ्याची जात मिळाली तर घ्या, हल्ली कमी येते. एवढ्या सगळ्याला तास-दीड तास पुरे होतो. तेवढ्यात कुणी थकत नाही.

राजवाड्याला मात्र पुन्हा जा, रविवारी संध्याकाळी. सातच्या सुमाराला दिवे लागतात, जवळपास ९७ हजार. अंधार पडत असतो, आवारात लोक जमिनीवर बसलेले असतात, पोरं इकडंतिकडं पळत असतात. आणि एका क्षणी सगळा राजवाडा उजळतो. गर्दीतून जो एक आवाज उठतो तो मी सहा वर्षं ऐकतोय, अजून अंगावर काटा येतो. जी जागा सकाळी आतून, चेहऱ्याचेहऱ्यानं पाहिली तीच लांबून अशी दिसते तेव्हा मुलं तुम्हाला बोटानं दाखवायला लागतात, तिथं मोर होते, तिथं अंबारी होती. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी कुणालाही आग्रहानं सांगतो: दहा जागा एकदा बघण्यापेक्षा एक जागा दोनदा बघा.

चामुंडी टेकडीला हजार पायऱ्या आहेत, पण बस थेट वर जाते, आजींना बसनं न्या. नंदी वाटेत आहे, १६५९ च्या सुमाराचा, एकाच दगडाचा. प्राणिसंग्रहालय १८९२ पासूनचं आहे, मुलासाठी अर्धा दिवस ठेवा, मंगळवारी बंद असतं. एखादी संध्याकाळ कुक्करहळ्ळी तलावाच्या काठी बसा, बाकी काही करू नका. चर्च आणि वृंदावन गार्डन जमलं तर.

बोलण्याची काळजी नको. आपलं कन्नड उत्तरेकडचं, प्रत्येक वाक्याला ‘री’ लागतो. तो ऐकला की तिथले लोक थांबून विचारतात, तुम्ही कुठले? त्यातूनच गप्पा सुरू होतात. मुलीला बोलू द्या, शाळेतलं कन्नड तिथं तिच्या उपयोगी पडेल. आणि बंगळूर-म्हैसूर रेल्वेनंच करा. मद्दूरच्या आसपास गाडीत मद्दूर वडे विकायला येतात, कांदा घातलेले, चपटे, गरम.

ताई, तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या यादीतलं निम्म्याहून जास्त मी ठेवलंय.

तिसरं_गेट, टिळकवाडी

गुरुजी, नमस्कार. तुमचं उत्तर ह्यांनी स्वतः मोठ्यानं वाचलं, सगळे स्वयंपाकघरात बसले होते. फ्रिजवरचा कागद काढून त्याच्या मागच्या बाजूला नवीन लिहिलंय, या वेळी मुलीच्या अक्षरात. शनिवारी सकाळी म्हैसूरला पोचायचं. रविवारी दहाला राजवाडा, अंबारीपाशी आजी म्हणेल तेवढा वेळ, तिथून सयाजीराव रोड चालत, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा राजवाडा. सोमवारी सातला मार्केट. मुलानं कागदाच्या कडेला एक हात काढून त्यावर ‘मोळ’ लिहिलंय. रेशीम कारखान्याची चौकशी मुलगी स्वतः फोन करून करणार आहे, कन्नडमधून, आणि कालपासून वाक्यं पाठ करतेय. मंगळवार मोकळा. त्या दिवशी काय, असं ह्यांनी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, ‘बघू की तिथं गेल्यावर.’

राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन आज झालं. खालचे दोन बर्थ मिळाले.